शंका सगळीकडे, शस्त्रक्रिया मोजक्या ठिकाणी

नवजात बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही ओसरली नाही, तर रक्तातील एकूण बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) पाहून न थांबता त्यातील ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेला, भाग किती आहे तेही मोजावे, ही सूचना बालरोगशास्त्रात जुनी आहे. ती पाळायला ना महागडे यंत्र लागते, ना जनुकशास्त्राचे ज्ञान. तरीही बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे यकृताबाहेरच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास बुजत जाण्याचा आजार असलेली बाळे अनेकदा तीन-तीन महिन्यांची होऊन शल्यचिकित्सकापुढे येतात. मधल्या काळात कोणीतरी ‘अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, आपोआप उतरेल’ असा दिलासा देऊन त्यांना घरी पाठवलेले असते. असा दिलासा देणारा डॉक्टर निष्काळजी असतो असेही नाही. लांबलेल्या काविळीच्या बहुसंख्य बाळांबाबत त्याचे म्हणणे खरेच ठरते, आणि वर्षानुवर्षे खरे ठरत आलेले ते म्हणणे ज्या एका बाळाबाबत चुकते, ते बाळ त्याच्याकडे पुन्हा येतही नाही. ते दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्यात गेलेले असते. आपले काय चुकले हे पहिल्या डॉक्टरला कळण्याचा मार्गच त्यामुळे उरत नाही.

दुर्मिळ आजारांची सार्वजनिक चर्चा फार लवकर जनुकीय प्रयोगशाळा, अतिशय महाग औषधे आणि त्यांचा खर्च कोणी उचलायचा या प्रश्नांकडे वळते. ते प्रश्न खोटे नाहीत. पण मुलांच्या पचनसंस्थेच्या दुर्मिळ आजारांपुरते बोलायचे, तर टाळता येण्याजोगे नुकसान बहुधा त्या टप्प्यावर होत नाही. ते त्याच्या बरेच आधी, पहिल्या तपासणीच्या खोलीत होते, आणि त्याच्या नंतर, अशी शस्त्रक्रिया वर्षा-दोन वर्षांतून एकदा करणाऱ्या शस्त्रक्रियागृहात होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की शंका घेण्याची क्षमता जितकी पसरवता येईल तितकी पसरवावी, अगदी प्रसूतिगृहातील परिचारिकेपर्यंत आणि बाळाच्या आईवडिलांपर्यंत. उपचार मात्र जितका एकवटता येईल तितका एकवटावा. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट घडते. शंका तज्ज्ञाच्या खोलीत पोहोचल्यावरच घेतली जाते, आणि शस्त्रक्रिया मात्र ज्याच्या हाताशी शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ आहे तो करून टाकतो.

आधी दुर्मिळतेचा हिशेब पाहू. दोन हजार माणसांत एकाहून अधिक जणांना न होणाऱ्या आजाराला युरोपीय संघ दुर्मिळ मानतो; अमेरिकी कायदा देशभरातील दोन लाख रुग्णांची मर्यादा धरतो. बिलिअरी अट्रेशिया साधारणपणे दहा ते वीस हजार जन्मांमागे एकदा आढळतो, पूर्व आशियात त्याहून काहीसा अधिक. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसणे, म्हणजे हर्शस्प्रुंगचा आजार, सुमारे पाच हजार जन्मांमागे एकदा. जन्मजात जुलाबांचे काही प्रकार तर इतके विरळ आहेत, की वैद्यकीय साहित्यात नोंदलेले रुग्ण मोजता यावेत. वस्तीतल्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत यांपैकी एखाद्या आजाराचे एखादेच मूल येईल, कदाचित एकही येणार नाही. अशा शंभर आजारांची नावे त्याने लक्षात ठेवावीत ही अपेक्षा वेडगळ आहे, आणि ‘डॉक्टरांना प्रशिक्षण द्या’ एवढेच म्हणून थांबणाऱ्या शिफारशी नेमक्या याच अपेक्षेवर उभ्या असतात.

पण आजार शंभर असले तरी ते ज्या दारांनी आत येतात ती दारे थोडी आहेत. हिरवी उलटी. जन्मानंतर ४८ तास होऊनही न झालेली पहिली काळपट शी. पांढुरकी, मातकट शी आणि न उतरणारी कावीळ. जन्माच्या पहिल्या दिवसांपासून लागलेले पाण्यासारखे जुलाब. गिळताना अडकणारा घास. आणि वाढीच्या तक्त्यावर आपली वाट सोडून खाली वळलेली रेघ. यांतील एकही चिन्ह ओळखायला पोटविकारतज्ज्ञ लागत नाही. ‘हे कशाचे लक्षण आहे’ हे ठाऊक नसले तरी चालेल. ‘हे माझ्याकडे थांबू नये’ एवढे ठाऊक असले की पुरे.

बिलिअरी अट्रेशियाचे उदाहरण सविस्तर पाहावे असे आहे, कारण या आजारात कॅलेंडर हेच निम्मे औषध आहे. पित्ताला आतड्यात उतरायला वाट मिळत नाही, ते यकृतातच तुंबते आणि यकृत आठवड्या-आठवड्याने निबर होत जाते. उपचार झाला नाही तर बहुतेक मुले वयाची दोन-तीन वर्षेही पुरी करत नाहीत. जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये एक शस्त्रक्रिया मांडली. बुजलेल्या नलिका काढून टाकायच्या आणि लहान आतड्याचा एक भाग वर आणून थेट यकृताच्या मुखाशी जोडायची, म्हणजे तिथल्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतून झिरपणारे पित्त आतड्यात उतरते. ही शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते; नव्वद दिवसांनंतर ती बरीच घसरते, आणि मग यकृत प्रत्यारोपणाची वेळ लवकर येते. जगभर मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण आजही हाच आजार आहे. सगळी प्रत्यारोपणे वेळेवर निदान होऊन टळली असती असे नव्हे. वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक मुलांनाही पुढे प्रत्यारोपण लागते. पण ते एक वर्षाच्या वयात लागणे आणि पंधराव्या वर्षी लागणे यांत मुलाच्या वजनाचा, शक्तीचा, मिळू शकणाऱ्या यकृताचा आणि गेलेल्या बालपणाचा मोठा फरक आहे.

या साठ दिवसांसाठी जपान आणि तैवान या देशांनी केलेला उपाय इतका साधा आहे, की तो उपाय वाटतच नाही. बाळाच्या शीच्या वेगवेगळ्या रंगांचे फोटो छापलेले एक कार्ड आईच्या हाती द्यायचे, आणि शीचा रंग फिकट रांगेतला दिसला तर कोणाला कळवायचे ते त्यावर लिहायचे. तैवानने २००४ साली हे कार्ड देशभर बालआरोग्य पुस्तिकेत आणले, आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. जपानने आधी काही भागांत वापरून पाहिलेले हे कार्ड २०१२ पासून सर्वत्र माता-बाल पुस्तिकेत घातले. मला या उपायातली सर्वांत मोलाची गोष्ट रंगांची अचूकता वाटत नाही. मोलाचे हे आहे, की शंका घेण्याचा अधिकार रीतसर आईला मिळाला. कार्ड हाती नसताना ‘शी पांढरट वाटते’ असे सांगणारी आई उगाच काळजी करणारी ठरते. कार्डावरच्या चौकोनावर बोट ठेवणारी आई माहिती देणारी ठरते, आणि समोरच्या डॉक्टरला काहीतरी उत्तर देणे भाग पडते.

कार्डापेक्षा आधीची पायरीही आता उपलब्ध आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात नवजात बाळांच्या पहिल्या दिवसांतच डायरेक्ट बिलिरुबिन मोजून, ते वाढलेले असेल त्या बाळांची दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी करण्याची पद्धत राबवली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे सव्वा लाख बाळांतून बिलिअरी अट्रेशियाची सातही बाळे हाती लागली आणि शस्त्रक्रियेचे सरासरी वय ५६ दिवसांवरून ३६ दिवसांवर आले. सव्वा लाखांत सात. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, की एवढ्यासाठी एवढ्या बाळांच्या टाचा टोचायच्या का? आक्षेप चुकीचा नाही. अशा प्रत्येक चाळणीत काही निरोगी बाळे अडकतात आणि त्यांच्या घरांना काही आठवडे विनाकारण घोर लागतो. पण नवजात बाळांचे रक्त कावीळ पाहण्यासाठी पुष्कळ ठिकाणी तसेही घेतले जाते. प्रश्न त्याच नमुन्यावर आणखी एक आकडा काढण्याचा आणि, मुख्य म्हणजे, तो आकडा वाचून त्यावर पाठपुरावा करणारे कोणीतरी नेमण्याचा आहे. चाचणी करून अहवाल फायलीत ठेवणारी चाळणी ही चाळणी नसण्यापेक्षा वाईट, कारण ती खोटे समाधान देते.

हर्शस्प्रुंगच्या आजाराचा इतिहास वेगळ्या कारणासाठी बोलका आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय सभेत दोन अर्भकांचे वर्णन केले. पोट फुगून दोघेही दगावले होते आणि शवविच्छेदनात मोठे आतडे अवाढव्य ताणलेले दिसले होते. पुढची साठ वर्षे वैद्यकाची नजर त्या फुगलेल्या भागावरच खिळून राहिली, आणि शल्यचिकित्सक तोच कापून काढत राहिले. मुले पुन्हा तुंबत राहिली. दोष खाली होता, दिसायला अगदी साध्या वाटणाऱ्या अरुंद भागात, जिथे आतड्याला पुढे ढकलण्याचा इशारा देणाऱ्या चेतापेशी उतरल्याच नव्हत्या. १९४८ मध्ये ऑर्वर स्वेन्सन यांनी हा साधा दिसणारा भागच काढून वरचे निरोगी आतडे खाली ओढून जोडले, तेव्हा कुठे उपचार सापडला. आज गुदाशयाच्या आतल्या स्तराचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान होते, आणि नवजात बाळात त्यासाठी बहुधा भूलही द्यावी लागत नाही. तरी काही मुले पाच-सात वर्षांची होईपर्यंत बद्धकोष्ठाची औषधे घेत राहतात, कारण जन्माच्या वेळी पहिली शी किती तासांनी झाली हे कोणी लिहून ठेवलेले नसते आणि नंतर कोणी विचारतही नाही. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांत जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांच्या आत शी होते. प्रसूतिगृहाच्या कागदावर त्या वेळेसाठी एक रकाना ठेवणे आणि तो भरल्याशिवाय बाळाला घरी न सोडणे, एवढाच हा सुधारणेचा कार्यक्रम आहे. या आजारात आतड्याला सूज येऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर मूल दोन दिवसांत जाऊ शकते, हे लक्षात घेतले तर तो रकाना क्षुल्लक वाटणार नाही.

जन्मजात जुलाबांकडे वळू. इथे शंका न घेण्याची किंमत निराळ्या प्रकारे मोजावी लागते, कारण जुलाबांवरचा जगातला सर्वांत यशस्वी उपचारच काही बाळांना अपाय करतो. साखर-मिठाचे पाणी जुलाबात उपयोगी पडते ते आतड्याच्या पेशींवरील एका वाहक प्रथिनामुळे. हे प्रथिन ग्लुकोजच्या कणासोबत सोडिअम आत ओढून घेते आणि त्यामागून पाणी येते. असंख्य मुलांचे प्राण या एका यंत्रणेने वाचवले आहेत. पण ग्लुकोज-गॅलॅक्टोज अपशोषण नावाच्या अतिविरळ आजारात नेमके हेच वाहक प्रथिन जन्मतः निकामी असते. या आजारामागचा जनुकदोष १९९१ मध्ये सापडला. अशा बाळाला आईच्या दुधानेच जुलाब सुरू होतात, कारण दुधातली साखर फुटून हेच दोन घटक तयार होतात. ते जुलाब थांबवायला दिलेले साखर-मिठाचे पाणी आगीत तेल ओतते. उपचार मात्र अगदी सरळ आहे: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज वगळून फ्रुक्टोजवर तयार केलेले दूध द्यायचे. त्याने बाळ काही दिवसांत धरते आणि पुढे चांगले वाढते.

अशा बाळाला ओळखायची पहिली पायरी प्रयोगशाळेची नाहीच. रुग्णालयात ठेवून, शिरेवाटे सलाईन चालू करून, तोंडावाटे सगळे एक दिवस बंद करायचे आणि जुलाब थांबतात का ते पाहायचे. थांबले, तर दोष अन्नातला काहीतरी शोषून न घेण्यात आहे. उपाशीपोटीही पाणी वाहतच राहिले, तर आतडे स्वतःच क्षार आणि पाणी बाहेर टाकते आहे. अशा वेळी शीतील क्लोराइड मोजले असता कधी जन्मजात क्लोराइड जुलाब हा आजार सापडतो. त्या आजारात शी इतकी पातळ असते, की लंगोटातील ओल ही लघवीच आहे असे समजून कित्येक दिवस जातात. त्यालाही उपचार आहे, आणि तो म्हणजे आयुष्यभर मोजून दिलेले सोडिअम व पोटॅशिअमचे क्षार. वेळेवर सुरू झाले तर मूल शाळेत जाते, मोठे होते, संसार करते, आणि उशीर झाला तर निर्जलीकरणाने मेंदू किंवा मूत्रपिंडाचे कायमचे नुकसान होते. जनुकीय चाचणीने या दोन्ही आजारांचे निदान पक्के होते, हे खरे. पण तिचा अहवाल येईपर्यंत बाळाला जिवंत ठेवायचे असेल, तर एक दिवसाची ती निरीक्षणाची पायरी कोणाला तरी आठवायला हवी.

आतापर्यंतची उदाहरणे तान्ह्या बाळांची होती आणि त्यांची चिन्हे ठळक होती. मोठ्या मुलांत हा युक्तिवाद अवघड होतो, हे मान्य केले पाहिजे. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अॅपली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील साधारण दर नऊ मुलांमागे एकाला वारंवार पोट दुखण्याची तक्रार होती, आणि तपास केलेल्यांपैकी फारच थोड्या मुलांत शारीरिक आजार सापडला. म्हणजे पोटदुखी असलेल्या प्रत्येक मुलामागे दुर्मिळ आजार हुडकत बसलो, तर निरोगी मुलांच्या घशात एंडोस्कोपीच्या नळ्या घालण्यापलीकडे काही साधणार नाही. ‘शंका पसरवा’ या माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्याला उत्तर असे, की शंका घेणे म्हणजे तपासण्यांचा भडिमार करणे नव्हे. अॅपलींनीच नोंदवून ठेवले आहे, की दुखणे बेंबीपासून जितके दूर तितकी शारीरिक कारणाची शक्यता अधिक. त्यात झोपेतून उठवणारी वेदना, शीतून रक्त, घटणारे वजन, लांबलेले वयात येणे, गुदद्वाराजवळच्या जखमा, कारण न सापडणारा ताप आणि कुटुंबातील आतड्याच्या आजाराचा इतिहास यांची भर घातली, की कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणाला धीर द्यायचा याचा निवाडा बऱ्यापैकी होतो. शीतील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या चाचणीने आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज मिळतो. फक्त चार वर्षांखालील निरोगी मुलांतही तो आकडा वरचढ असतो, हे विसरता कामा नये.

या सगळ्यांत सर्वांत उपेक्षित साधन वाढीचा तक्ता आहे. क्रोन्सच्या आजारात, म्हणजे पचनमार्गाच्या एका दीर्घकालीन दाहात, उंचीची रेघ कधीकधी पोट दुखू लागण्याच्या कितीतरी आधी वाकते. ती वाकलेली दिसण्यासाठी आधीचे ठिपके काढलेले असावे लागतात, आणि दर खेपेला नव्या दवाखान्यात जाणाऱ्या मुलाच्या तक्त्यावर एकच ठिपका असतो. एका ठिपक्यातून रेघ दिसत नाही.

शंका घेतल्याने आजारांची संख्याच कशी बदलते याचे उत्तम उदाहरण सिलिअॅक आजार, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गहू बंद केल्याने ही मुले सुधारतात हे दाखवून १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला, तेव्हा हा हाडे निघालेल्या, पोट सुटलेल्या मोजक्या मुलांचा आजार समजला जाई. पुढे लहान आतड्याची बायोप्सी आली, मग रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या, आणि आज अनेक देशांत तो सुमारे शंभरात एकाला असल्याचे दिसते. वाढलेली ही सगळी संख्या केवळ चाचण्यांमुळे आहे असे नाही, काही वाढ खरीही आहे. पण बराचसा भाग पूर्वीही होता आणि दिसत नव्हता. अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहाचे, म्हणजे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे साचून होणाऱ्या दाहाचे, तसेच झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या उपचारांना दाद न देणाऱ्या दहा मुलांना काही आठवडे केवळ अमिनो आम्लांवर आधारित पेय दिले आणि त्यांच्या तक्रारी ओसरल्या. तोवर जे आम्लपित्त समजले जाई, त्यातल्या काही मुलांत ती अन्नघटकांवरची प्रतिक्रिया निघाली. तेव्हा ‘हे इतके विरळ आहे, की त्याचा विचार कशाला करायचा’ हे वाक्य उच्चारताना ती विरळता निसर्गाची आहे की आपल्या नजरेची, हा प्रश्न उभा राहतो.

निदान सापडत नाही तेव्हा दोष मुलाच्या मनावर किंवा घरावर ढकलण्याची सवय वैद्यकाला आहे. वयात येणाऱ्या मुलीला सारख्या उलट्या होतात, वजन उतरते, तेव्हा खाण्याचा मानसिक विकार आधी सुचतो आणि लहान आतड्याचा पहिला भाग रक्तवाहिनीखाली दबणे किंवा अन्ननलिकेचे जठराकडचे तोंड न उघडणे नंतर. मानसिक ताणाने पोट दुखते, आणि ते दुखणे खरेच असते. त्यावरचे उपचारही खरे आहेत. माझा आक्षेप त्या निदानाला नाही, ते उरलेले निदान म्हणून वापरण्याला आहे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पालकच मुलाला आजारी भासवत असल्याचा संशय. १९७७ मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी असे प्रकार वैद्यकासमोर मांडले, आणि ते घडतात यात वाद नाही. पण दहा दवाखाने पालथे घालणारी, जाडजूड फाइल काखेत घेऊन फिरणारी, वैद्यकीय शब्द सहज वापरणारी आई ही जशी त्या संशयाची खूण मानली जाते, तशीच ती निदान न झालेल्या दुर्मिळ आजाराच्या मुलाची आई असण्याचीही खूण असते. हा संशय नोंदवण्याआधी मुलाचा संपूर्ण तपास एकाच जागी, एकाच पथकाने केलेला असला पाहिजे. तुकड्यातुकड्यांत झालेल्या तपासाच्या जोरावर तो नोंदवणे अन्यायाचे आहे.

जनुकीय चाचण्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका लहान मुलाच्या आतड्याला सतत भगेंद्रे पडत होती आणि शंभराहून अधिक वेळा त्याला शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले होते. त्याच्या जनुकांतील प्रथिने घडवणारा सगळा भाग वाचल्यावर दोष प्रतिकारशक्तीच्या एका जनुकात सापडला, त्यानुसार गर्भनाळेच्या रक्तातील मूळपेशींचे प्रत्यारोपण झाले आणि आतडे शांत झाले. २०११ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंटरल्यूकिन-१० या दाह शमवणाऱ्या प्रथिनाचा संदेश स्वीकारणाऱ्या रेणूतील दोषामुळे तान्ह्या वयात होणारा आतड्याचा दाह २००९ मध्ये असाच उलगडला. या कथा थरारक आहेत आणि त्यांनी दिशा बदलली. पण टोरांटोतील एका मोठ्या अभ्यासात सहा वर्षांखालील दाह असलेल्या मुलांतही एकाच जनुकाचा दोष सुमारे आठ टक्क्यांतच सापडला. म्हणून ही चाचणी दोन वर्षांखालील, उपचारांना न बधणाऱ्या, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलांसाठी तातडीने आणि हक्काने उपलब्ध असावी; सगळ्यांसाठी ती पहिली पायरी नव्हे. अर्थ न लागणारे बदल दाखवणारा अहवाल आईवडिलांच्या हाती देऊन मोकळे होणे हा उपचार नाही.

आता दुसरी बाजू, एकवटलेल्या उपचारांची. १९९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्सने बिलिअरी अट्रेशियाची शस्त्रक्रिया लंडन, बर्मिंगहॅम आणि लीड्स येथील फक्त तीन केंद्रांपुरती मर्यादित केली. त्याआधीच्या पाहणीत वर्षाला पाचांहून कमी रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयांतील मुलांची स्थिती वाईट दिसली होती. केंद्रीकरणानंतर निकाल सुधारले. यात शल्यचिकित्सकाच्या हाताचे कौशल्य असतेच. पण त्याहून महत्त्वाचे असते ते भोवतीचे पथक, म्हणजे तान्ह्या बाळाला भूल देणारा, यकृताची बायोप्सी वाचणारा, आहार ठरवणारा, रात्री दोन वाजता ताप आलेल्या बाळाच्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला आहे हे ओळखणारा निवासी डॉक्टर. हे पथक वर्षाला एका रुग्णावर तयार होत नाही.

आतडे निकामी झालेल्या मुलांत हे अधिकच खरे आहे. १९६७-६८ च्या सुमारास फिलाडेल्फियात जवळजवळ सगळे लहान आतडे नसलेल्या एका अर्भकाला हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून संपूर्ण पोषण देऊन वाढवता येते हे स्टॅन्ली डड्रिक, डग्लस विल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधी अशा मुलांसाठी करण्यासारखे काहीच नव्हते. मात्र त्याच नळीतून जंतू रक्तात शिरतात, त्याच पोषणाने यकृत बिघडते. उरलेल्या आतड्याची शोषणक्षमता वाढवणारे टेड्युग्लुटाइड हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मुलांसाठी मंजूर झाले. पण औषधापेक्षा मोठा फरक पडला तो शल्यचिकित्सक, पोटविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता आणि परिचारिका एकाच पथकात आल्याने, आणि आईवडिलांना नळी हाताळण्याचे रीतसर शिक्षण दिल्याने.

केंद्रीकरणाला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मला पटतात. पहिला अंतराचा. केंद्र दूर असेल तर जाण्यायेण्यात घराची कमाई बुडते, दुसऱ्या मुलाकडे दुर्लक्ष होते, आणि मग पालक येणेच बंद करतात. केंद्रीकरणाचा निर्णय घेताना प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उपचाराच्या खर्चात धरलेला नसेल, तर तो निर्णय ज्यांना परवडते त्यांच्याच मुलांना वाचवेल. दुसरा मुद्दा घड्याळाचा. जन्मापूर्वी आतडे नीट न वळल्याने त्याला पीळ पडला, तर काही तासांत सगळे लहान आतडे मरू शकते. विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये वर्णन केलेली पीळ सोडवण्याची शस्त्रक्रिया जवळच्या जागीच झाली पाहिजे, तिथे केंद्राची वाट पाहणे म्हणजे आतडे गमावणे. म्हणून माझे म्हणणे मला एवढ्यापुरते आवरावे लागते: ज्या आजारात तास मोजले जातात तो जिथे जमेल तिथे, दूरध्वनीवर केंद्राचा सल्ला घेत, ज्यात आठवडे मोजले जातात तो केंद्रात. हिरवी उलटी पाहून ‘उद्या या’ म्हणणाऱ्याला मात्र या दोन्हींत जागा नाही.

केंद्र आणि गावातील डॉक्टर यांच्यामधला दुवा कागदाचा असतो, आणि तो बहुधा वाईट असतो. केंद्राने लिहिलेले पत्र केंद्रातल्याच लोकांना समजेल अशा भाषेत असते. ताप आला तर काय करायचे, कोणते औषध द्यायचे नाही, किती तासांत फोन करायचा हे त्यात नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की हा कागद आणखी महत्त्वाचा होतो. कासाई शस्त्रक्रिया झालेली, आतड्याचा भाग काढलेली, क्षारांवर जगणारी मुले आता मोठी होत आहेत, आणि ज्या प्रौढांच्या डॉक्टरकडे ती जातात त्याने हा आजार प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. अशा प्रत्येक तरुणाच्या हाती दोन पानांचा सारांश असावा: कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, कोणते जनुक, कोणता रक्तगट, कोणती प्रतिजैविके, आणि लहान आतडे कापले असेल तर किती सेंटिमीटर उरले. हा शेवटचा आकडा शस्त्रक्रियेच्या दिवशी फीत लावून मोजला आणि लिहिला गेला नाही, तर वीस वर्षांनी तो कोणत्याही यंत्रातून तितक्या खात्रीने काढता येत नाही.